थांबा म्हणून सांगणारा एक फोन : सातपुड्यातल्या पोरांचं खुलं पत्र

प्रति,
आमच्या जिल्ह्याचं आपत्ती व्यवस्थापन बघणारे सगळे साहेब, वन विभागाचे साहेब, आणि आमच्या डोक्यावरून शिकाऊ विमानं उडवणारी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

जिल्ह्याचं, तालुक्याचं, ऑफिसचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. एका खुर्चीवरच्या एका माणसाशी माझं भांडण नाही, आणि खान्देशात धुळे, जळगाव, नंदुरबार कुठंही सातपुड्याच्या पायथ्याला राहणाऱ्या माणसाला हे पत्र आपलंच वाटेल याची खात्री आहे. ज्यांच्यासाठी लिहितोय त्यांना वाचल्यावर बरोबर कळेल.

माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. आमच्या ग्रुपमध्ये चौदा जण आहेत, त्यात दोन सर्पमित्र, एक झेडपीचे गुरुजी, एक वायरमन, एक कंपाउंडर, आणि बाकी सगळी पाड्यावरची पावरा आणि भिल्ल पोरं, जी केळीच्या गाड्या भरतात, कापूस वेचतात, पावसाळ्यात मक्याच्या निंदणीला जातात. अस्तंब्याच्या यात्रेत कुणी चुकलं, धबधब्याखाली कुणी बुडालं, जंगलात म्हातारं माणूस हरवलं की फोन येतो आणि आम्ही निघतो. पगार नाही, ड्रेस नाही, गाडी नाही, आणि ते कधी मागितलंही नाही. सात वर्षं झाली.

आता गेल्या आखाडातली गोष्ट. संध्याकाळचे पावणेसहा, पाऊस धरलेला, मी दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं, तेवढ्यात पोलीस स्टेशनहून फोन. एक छोटं शिकाऊ विमान निघालं होतं ते पोचलं नाही, संपर्क तुटलाय, वरच्या पाड्यावरून कुणीतरी सांगतंय की ढगात आवाज आला आणि मग बंद झाला, तुमची पोरं घेऊन निघा. एवढंच. पाऊण तासात आम्ही अकरा जण वन नाक्यावर होतो, मोटारसायकली तिथंच लावल्या, पुढं पायी. नाक्यावरच्या गार्डभाऊंनी आमची नावं वहीत लिहून घेतली, आणि रात्री रेंज सोडून जाताना मी पोलीस स्टेशनला परत फोन करून सांगितलं की आम्ही अमुक पाड्यावरून अमुक खोऱ्यात उतरतोय. हे सगळं लिहायचं कारण म्हणजे नंतर आम्ही "परस्पर" गेलो असं लिहिलं गेलं.

पाड्यावर पोचल्यावर पहिलं काम असतं माणसांना विचारायचं, आणि ते एकत्र बसवून विचारायचं नसतं, नाहीतर पहिला बोलला तेच सगळे बोलतात. प्रत्येकाला त्याच्या जागेवर नेऊन उभं करायचं, तू कुठं होतास, तोंड कुठं होतं, हात कर. म्हाताऱ्या बाबांनी अंगणातून हात केला तो उत्तरेला. निंदणीहून परत येणाऱ्या ताईनं शेताच्या बांधावरून केला तो जरा उगवतीकडं. आणि शेळ्यावाल्या पोरानं सांगितलं की आवाज मोठा नाही झाला, बारीक होत गेला. मोबाईलच्या कंपासवर तिघांच्या दिशा घेतल्या, गुरुजींनी वहीच्या पानावर रेघा मारल्या, त्या रेघा जिथं एकमेकीला कापतात ते खोरं धरलं. खोऱ्यात आवाज फिरतो, फसवतो, हे आम्हाला माहीत आहे, पण दुसरं हातात काय होतं? सेसनासारखं विमान पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत 36 फुटांचं असतं, आणि आखाडात सागाला पानं अशी येतात की त्याखाली ट्रक उभा केला तरी वरून दिसत नाही. ते खालून चालतच शोधावं लागतं.

रात्रभर शोधलं. दोघांमध्ये दहा-बारा फूट अंतर ठेवून ओळ धरायची, एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, तीन म्हणजे सापडलं. दर पंधरा मिनिटांनी सगळ्यांनी टॉर्च बंद करून गप उभं राहायचं, कुठं उजेड दिसतो का, कुणी विव्हळतंय का, पेट्रोलचा वास येतो का. त्या अंधारात उभं राहून कान देताना काय वाटतं ते मी सांगू शकत नाही. आपण ज्याला शोधतोय तो विशीतला पोरगा किंवा पोरगी असणार, हे प्रत्येकाच्या डोक्यात असतं.

दीडच्या सुमारास नाल्याच्या कडेला आमच्यातला एक पोरगा घसरला. वय बावीस. दगडावरून खाली गेला तेव्हा नडगीचं हाड तुटल्याचा आवाज मी स्वतः ऐकला, ओल्या लाकडासारखा. कंपाउंडरभाऊंनी बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला, पाड्यावरून एका आजीनं घोंगडी दिली, तिची झोळी करून लाकडाला बांधली आणि पाळीपाळीनं खांदा देत साडेचार तासांत नाक्यावर आणला. पोरगा एकदाही ओरडला नाही, नुसता विचारत होता, दादा, विमानाचं काय?

नाक्यावर सकाळी गार्डभाऊ चहा करत होते. आमच्याकडं बघून त्यांचंच तोंड उतरलं. म्हणाले, "आरे भो, ते इमान तं कालच साजंले दुसरीकडे उतरी गयं. तुमले कोनी सांगं नही का?"

नाही सांगितलं. विमान खराब हवेमुळं वळवलं होतं आणि दुसऱ्या धावपट्टीवर सुखरूप उतरलं होतं, आम्ही नाक्यावरून जंगलात शिरलो त्याच्या अर्ध्या तासाच्या आत ही बातमी विमानवाल्यांना होती आणि रात्री नऊपर्यंत जिल्ह्याच्या ठिकाणीही होती. चालवणारं लेकरू वाचलं याचा आम्हाला आनंदच झाला, खरंच सांगतो, झोळीतल्या पोरानंही हात जोडले. पण साहेब, रात्री नऊपासून सकाळी साडेसहापर्यंत अकरा माणसं पावसात एक असं विमान शोधत होती जे तिथं नव्हतंच, आणि ती शोधतायत हे पोलीस स्टेशनला माहीत होतं, नाक्याला माहीत होतं, आणि जिल्ह्याला माहीत असायला पाहिजे होतं. रेंज नव्हती हे मान्य. पाड्याच्या टेकडीवर एका ठिकाणी रेंज येते, तिथला एक नंबर आम्ही देऊन गेलो होतो, ते भाऊ रात्रभर तिथं बसून होते फोन घेऊन, प्लास्टिक डोक्यावर धरून. त्यांच्या फोनवर एकही कॉल आला नाही.

ही झाली पहिली तक्रार, आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोठी. कारण विमान वाहतुकीच्या नियमातच हे आहे. विमान ठरल्या वेळेला बोललं नाही की अर्ध्या तासानं पहिला इशारा, मग दुसरा, आणि इंधन संपायची वेळ टळली की तिसरा, म्हणजे संकटात आहे असं धरून शोध. आणि विमान सापडलं की ज्यांना ज्यांना इशारा दिला त्या सगळ्यांना इशारा मागे घेतल्याचं कळवायचं असतं. चांगला नियम आहे, जगभर चालतो. फक्त त्या यादीत आम्ही नाही. बोलवताना आम्ही आठवतो कारण चालणारे पाय आमच्याकडं आहेत, थांबवताना आठवत नाही कारण कागदावर आमचं नाव नाही.

दुसरी तक्रार त्या पोराच्या पायाची. प्लेट टाकावी लागली, खर्च साडेबासष्ट हजार झाला. केळीच्या वखारीवाल्यांनी काही दिले, गुरुजींनी शाळेतल्या मास्तर लोकांकडून जमवले, उरलेले आम्ही घातले. तो पोरगा गाड्या भरून दिवसाला कमावणारा, चार महिने घरी बसला, घरात म्हातारी आई आणि दोन लहान बहिणी. मी मदतीसाठी अर्ज घेऊन तीनदा गेलो. उत्तर असं मिळालं की तो नोंदणीकृत स्वयंसेवक नाही. बरोबर आहे, नाही. नोंदणीची यादी, रक्तगटासकट, आम्ही तीन वेळा आवक विभागात दिलीय, पोच माझ्याकडं आहे. केंद्राच्या आपदा मित्र योजनेत स्वयंसेवकाला ट्रेनिंग मिळतं, किट मिळतं, विमा मिळतो, देशभरात एक लाख माणसं तयार करायचं ठरवून ती योजना वाढवली. मग रात्री डोंगरात जाणारी ही चौदा माणसं त्यात का बसत नाहीत ते कुणी लिहून द्याल का? तोंडी नको.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यामुळं हे पत्र लिहायला बसलो. त्या रात्रीनंतर तीन आठवड्यांनी एक आदेश निघाला, आम्हाला तो व्हॉट्सअपवर कुणाकडून तरी फिरत फिरत आला. स्वयंसेवकांनी लेखी पूर्वपरवानगीशिवाय शोधासाठी वनक्षेत्रात जाऊ नये, गेल्यास जबाबदारी स्वतःची राहील, आणि कारवाई होऊ शकेल.

साहेब, कायदा आम्हाला कळतो. 1972 चा वन्यजीव कायदा आहे, अभयारण्यात कुणीही उठून शिरू नये हे आम्हीच पर्यटकांना सांगत असतो. जंगल तोडणाऱ्याला, शिकार करणाऱ्याला अडवायला तो पाहिजेच. पण पूर्वपरवानगी म्हणजे काय ते जरा समोर धरून बघा. समजा, विमान पडलं संध्याकाळी सहाला. अर्ज करायचा कुणाकडं, ऑफिस बंद. सकाळी साहेब दौऱ्यावर. शिक्का दुपारी. जखमी माणूस रक्त जात असताना, पावसात गार पडत असताना किती वेळ काढतो हे डॉक्टरांना विचारा. या आदेशानं आम्ही सुरक्षित होत नाही, फक्त पुढच्या वेळी कुणाचा पाय मोडला तर कागदावर ऑफिस सुरक्षित राहील.

तुम्ही म्हणाल केंद्राचं आपत्ती दल एनडीआरएफ आहे, राज्याचं एसडीआरएफ आहे. आहेत, आणि त्या जवानांबद्दल आदरच आहे. एसडीआरएफची तुकडी धुळ्याला आहे हे आपल्या भागाचं नशीब. पण एनडीआरएफची बटालियन पुण्याजवळ, सुदुंबऱ्याला, तिथून गाड्या निघून सातपुड्याच्या पायथ्याला लागेपर्यंत रात्र जाते. आणि आल्यावर कुठल्या नाल्यानं चढायचं ते शेवटी पाड्यावरचंच कुणीतरी दाखवणार.

2021 चा जुलै आठवा. चोपडा तालुक्यात वर्डी शिवारात, सातपुड्याच्या कुशीत शिकाऊ विमान पडलं. प्रशिक्षकांचा जीव गेला, शिकणारी मुलगी जखमी झाली. तिथंवर गाडी जात नव्हती. मी त्या दिवशी तिथं नव्हतो, पण तिला कुणी आणलं हे सगळ्या खान्देशाला माहीत आहे. रानातली आदिवासी माणसं धावली, एका माउलीनं स्वतःची साडी दिली, तिची झोळी लाकडाला बांधून पोरीला चिखलातून खाली आणलं. तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं, फोटो छापून आले. आजचा आदेश त्या दिवशी असता तर त्या माउलीनंही आधी परवानगी घ्यायची होती का?

आणि हे फक्त आपल्याकडंच नाही. 2011 साली अरुणाचलचे मुख्यमंत्री दोरजी खांडू यांचं हेलिकॉप्टर 30 एप्रिलला बेपत्ता झालं. लष्कर शोधत होतं, उपग्रह शोधत होते, आणि पाचव्या दिवशी अवशेष दिसले ते तिथल्या गावकऱ्यांना. 2019 च्या जूनमध्ये हवाई दलाचं एएन-32 विमान तिथंच हरवलं, आत 13 जण, आठ दिवसांनी वरून दिसलं, पण त्या डोंगरावर उतरवलेली शोधपथकाची माणसंच पावसानं दोन आठवड्यांच्या वर अडकून पडली. अमेरिकेत 2007 मध्ये स्टीव्ह फॉसेट नावाचा जगप्रसिद्ध वैमानिक छोट्या विमानातून निघाला तो परत आला नाही, तिथल्या सिव्हिल एअर पेट्रोलच्या स्वयंसेवकांनी आकाश पिंजून काढलं, आणि वर्षानंतर त्याची ओळखपत्रं सापडली ती डोंगरात पायी फिरणाऱ्या एका माणसाला. किती मोठी यंत्रणा असली तरी शेवटी जमिनीवरचा माणूस लागतो. म्हणून त्यांच्याकडं सिव्हिल एअर पेट्रोलच्या स्वयंसेवकांना सरकार यादीत धरतं, काम सोपवतं, हिशोब ठेवतं. ती संघटना 1941 पासून आहे.

एक गोष्ट मी दुकानात बसून, मोटारीच्या कॉइल गुंडाळता गुंडाळता बरीच वाचली, ती म्हणजे विमानातला इएलटी. छोटा डबा असतो, आदळलं की आपोआप 406 मेगाहर्ट्झवर हाक मारतो, ती उपग्रह ऐकतो, आणि आपल्या देशात ती बेंगळुरूच्या केंद्रात पोचते, तिथून मुंबईसारख्या ठिकाणच्या बचाव समन्वय केंद्राला जाते. हे सगळं मिनिटांचं काम. म्हणजे सातपुड्याच्या खोऱ्यातून निघालेली हाक आभाळात जाऊन बेंगळुरूला मिनिटांत पोचते, आणि तिथून परत त्याच खोऱ्याच्या तोंडाशी असलेल्या पाड्यावर यायला तिला रस्ता नाही. शेवटचे आठ-दहा किलोमीटर कुणाचेच नाहीत.

शिवाय तो डबा प्रत्येक वेळी बोलेलच असं नाही, एरियल तुटतं, विमान उलटं पडतं, दरीत दबतं. जवळ गेलेल्या माणसाला हुडकता यावं म्हणून तो 121.5 मेगाहर्ट्झवरही बारीक आवाज देत असतो. उपग्रहांनी ती फ्रिक्वेन्सी ऐकणं 2009 पासून बंद केलंय, पण हातातला रिसीव्हर आणि दिशा दाखवणारा अँटेना असला तर आपण ऐकू शकतो. आमच्याकडं नाही. लायसन्सची बाब असेल तर आम्हाला देऊ नका, तहसीलच्या कपाटात कुलपात ठेवा, निघताना पोलीसभाऊंच्या हातात द्या, ते आमच्याबरोबर चालतील.

आता विमानं उडवणाऱ्या मंडळींना दोन शब्द. तुमची पोरं आमच्या शेतावरून रोज जातात, आमची लहान पोरं खालून हात करतात. आम्हाला कुणी कधी सांगितलं नाही की पडलेल्या विमानाजवळ गेलं तर काय करायचं. पंखात पेट्रोल असतं म्हणून बिडी-काडी नको, पंखा हातानं फिरवायचा नाही, बेल्ट कुठून कापायचा, जखमीला काढायला जेवढं हलवायचं तेवढंच हलवायचं, बाकी तुकडे जिथल्या तिथं ठेवायचे कारण नंतर अपघात तपासणाऱ्यांना ते लागतात. हे मी इकडून तिकडून वाचून पोरांना सांगितलं. चुकीचं सांगितलं असेल तर? एक दिवस या. एक जुनं विमान मैदानात उभं करा, पाड्यावरच्या पन्नास माणसांना दाखवा, दार कसं उघडतं ते हात लावून बघू द्या. याला तुमचं असं किती डिझेल लागणार आहे?

मागण्या सरळ लिहितो.

तो आदेश मागे घ्या किंवा बदला. आमच्यासारख्यांची यादी करून वर्षभराची कायम परवानगी द्या, ओळखपत्र द्या, निघताना नाक्यावर नोंद आणि आल्यावर नोंद, ही अट आम्हाला मान्य आहे. पाहिजे तर पोलीस पडताळणी करा.

शोध सुरू करताना ज्यानं फोन केला त्याच्यावरच थांबवायचा फोन करायची जबाबदारी टाका, लेखी. रेंज नसेल तर नाक्यावरून माणूस पाठवा, फटाके फोडा, गाडीचा हॉर्न वाजवा, आम्ही ओळखू. कुठला आवाज ते आधी ठरवू.

यादीतल्या प्रत्येकाचा विमा काढा, आणि तो रोजंदारीवाला असेल तर जखमी झाल्यावर बुडालेली मजुरी धरा. नुसता मेल्यावरचा विमा नको.

प्रत्येक डोंगरी तालुक्यात एक स्ट्रेचर, दोन दोर, चार वॉकीटॉकी आणि तो रिसीव्हर. सह्याद्रीत ट्रेकर मंडळींनी वर्षानुवर्षं खस्ता खाऊन हे उभं केलंय, 2018 ला आंबेनळी घाटात बस पडली तेव्हा दरीत तीच पोरं उतरली होती. सातपुड्यातही माणसं आहेत. ट्रेकर म्हणवत नाहीत, चपलेवर चढतात, एवढाच फरक.

आणि त्या पोराच्या औषधपाण्याचे साडेबासष्ट हजार आणि चार महिन्यांची मजुरी द्या. तुमच्याच फोनवर तो निघाला होता.

एवढं लिहिताना कुणाचा अपमान झाला असेल तर माफ करा, तसा हेतू नाही. नाक्यावरच्या गार्डभाऊंना याचा त्रास होऊ नये ही हात जोडून विनंती, त्या दिवशी जखमीला स्वतःच्या गाडीवर दवाखान्यात त्यांनीच नेलं.

येत्या सोमवारी अकरा वाजता मी आणि गुरुजी यादी घेऊन चौथ्यांदा येतोय. चौदा नावं, चौदा रक्तगट, चौदा फोन नंबर, आणि पंधरावा नंबर टेकडीवर बसणाऱ्या भाऊंचा. कोण साहेब भेटणार तेवढं आधी कळवा, म्हणजे दुकान बंद ठेवून येता येईल.

आपला,
सातपुड्याच्या पायथ्याचा एक मोटर मेकॅनिक

ता.क. : आजीची घोंगडी रक्तानं आणि चिखलानं खराब झाली होती, धुतली पण निघालं नाही. आम्ही बाजारातून नवी घेऊन दिली. तिनं नवी ठेवून घेतली आणि जुनीही मागून घेतली, म्हणाली ती नाक्याच्या जवळच्या झोपडीत टांगून ठेवते, परत लागली तर.